नोकरी सोडताना पगार आणि रिलिव्हिंग लेटर अडकलं तर काय करायचं

राजीनामा दिला, नोटीस पिरियड भरला, लॅपटॉप जमा केला आणि आता फुल अँड फायनल (राहिलेल्या सगळ्या पैशांचा शेवटचा हिशोब) येत नाही, रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) देत नाहीयेत, एचआर फोन उचलत नाही. ऑफिसातल्या सगळ्या भांडणांत हे सगळ्यात कॉमन. मी बरीच वर्षं पेरोलचं काम केलंय, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसून, त्यामुळे तिकडचा हिशोब थोडाफार माहितीये. आरडाओरडा करणारा आठवड्याभरात थकतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, पण तारखा टाकून शांतपणे मेल करत राहणारा माणूस आला की त्याची फाइल लीगलकडे जाते आणि मग कामं हलतात.

आधी कायदा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड (नवे कामगार कायदे) लागू झालेत, त्यातली वेतन संहिता 2019 आपल्या कामाची. त्यात सरळ लिहिलंय की राजीनामा दिला काय किंवा काढून टाकलं काय, राहिलेलं वेतन 2 कामाच्या दिवसांत द्यायचं. एरवी महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. जुन्या 1936 च्या कायद्यात महिना 24,000 च्या वर पगार असला की हे लागूच व्हायचं नाही, आता मॅनेजर लोकंही यात आलीत. "आमची पॉलिसी 45 दिवसांची आहे" हे ऐकवतील, पण पॉलिसी कायद्याच्या वर नसते. अर्थात तिसऱ्याच दिवशी भांडायला जाऊ नका, आठ-दहा दिवस द्या, पण मेल मात्र पहिल्या आठवड्यातच टाका.

खरी तयारी राजीनाम्याच्या आधीची. ऑफिसचं मेल बंद झालं की हातात काहीच उरत नाही, म्हणून ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, सगळ्या पेस्लिप, फॉर्म 16, अप्रेझलची पत्रं आणि एचआर पोर्टलवरच्या रजेच्या बॅलन्सचा स्क्रीनशॉट आधीच स्वतःकडे काढून ठेवा. फक्त आपले कागद हां, क्लायंटचा डेटा किंवा कोड पर्सनल मेलवर पाठवलात तर उलटा तुमच्यावरच बाण येतो, मग पगार राहतो बाजूला.

राजीनामा मेलवरच द्यायचा, त्यात लास्ट वर्किंग डे लिहायचा आणि "मिळाला" असं उत्तर मागायचं. एचआरला फोनवर बोलायची फार हौस असते, त्यांच्या सोयीचं असतं ते. बोला, पण फोन ठेवल्या ठेवल्या असा मेल टाका: "आत्ता आपलं फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे माझा शेवटचा दिवस 30 तारीख आहे, शिल्लक रजेचे पैसे फुल अँड फायनलमध्ये धरणार असं तुम्ही सांगितलंत, यात काही चुकीचं असेल तर कळवा." बास, एवढंच. उत्तर आलं नाही तरी तुमची बाजू रेकॉर्डवर आली.

आता पैसे कशाकशाचे ते बघू. पगार, रजा, ग्रॅच्युइटी, पीएफ. रजेचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षात 240 दिवस काम भरलं की दर 20 दिवसांमागे 1 भरपगारी रजा मिळते आणि ती 45 पर्यंत साठते, म्हणून तो स्क्रीनशॉट. ग्रॅच्युइटी, म्हणजे केलेल्या नोकरीबद्दल सोडताना मिळणारी रक्कम, 5 वर्षांनंतर, फिक्स्ड टर्मवाल्यांना (ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना) आता 1 वर्षानंतरच. हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 26,000 असेल तर भागिले 26 गुणिले 15 म्हणजे वर्षाचे 15,000. सहा वर्षं सात महिने झाले असतील तर 7 वर्षं धरतात, म्हणजे 1,05,000. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा असतो, इथेच खूप जणांचं एक वर्ष गायब होतं. बेसिक मुद्दाम कमी ठेवून भत्ते फुगवलेले असतील तर नव्या कोडप्रमाणे निम्म्याच्या वरचे भत्ते वेतनातच मोजायचे आहेत, तेही विचारा. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यायची असते.

पीएफचं पासबुक उघडून बघा, मेसेजवर विसंबू नका. मालकाच्या रकान्यात रक्कम कमी दिसली की लोक घाबरतात, पण त्यातला 8.33 टक्के भाग पेन्शनच्या रकान्यात जातो, बहुतेकांचा 1,250 रुपये. खरा घोळ तेव्हा, जेव्हा पेस्लिपमध्ये कपात दिसतेय आणि पासबुकात तो महिनाच नाहीये. तेव्हा पेस्लिप जोडून पीएफ ऑफिसच्या ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर तक्रार टाकायची. कंपनीने पीएफमध्ये एक्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) टाकली नसेल तर शेवटच्या जमा महिन्यानंतर 2 महिने थांबून ती स्वतःच टाकता येते, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

दुसरा प्रकार, केबिनमध्ये बोलावून "आत्ता राजीनामा दे नाहीतर टर्मिनेट करतो, पुढे कुठे नोकरी मिळणार नाही". तिथे सही करू नका. वाचून उद्या कळवतो म्हणा आणि बाहेर आल्यावर काय झालं ते मेलवर लिहा. कारण कामगार म्हणून वर्षभर नोकरी झाली असेल तर नोकरकपात करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि वर काम केलेल्या प्रत्येक वर्षाचे 15 दिवसांचे पैसे द्यावे लागतात, स्वतःहून राजीनामा दिला की ते सगळं वाचलं त्यांचं.

बॉन्डबद्दल, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायचे या कराराबद्दल, व्हॉट्सअॅपवर "सगळे बॉन्ड बेकायदेशीर" असं फिरतं, ते खरं नाही. विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये 3 वर्षं आणि 2 लाखांचा बॉन्ड मान्य केलाय. पण कंपनीने आकडा वाजवी आहे हे पटवायला लागतं, चार दिवसांच्या इंडक्शनला पाच लाख मागणं टिकणं अवघड. ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतल्या असतील तर त्या लेखी मागा, ठेवायचा त्यांना काही हक्क नाही.

मेलने नाही झालं की एक पत्र काढायचं, येणं किती, कशाचं, 15 दिवसांत द्या. स्पीड पोस्टने, पोचपावतीसकट (रजिस्टर्ड एडी आता स्पीड पोस्टातच विलीन झालीये). तरी गप्प असतील तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त ऑफिसात अर्ज, मुंबईचं मुख्य ऑफिस बीकेसीतल्या कामगार भवनात. वकील लागतोच असं नाही. अर्जासोबत पेस्लिप, राजीनाम्याचा मेल आणि त्या पत्राची पोचपावती लावा, आणि एका पानावर तारीखवार काय झालं ते लिहा, कारण तिथल्या साहेबांकडे तुमची पन्नास मेलची चेन वाचायला वेळ नसतो. वेतनाच्या दाव्याला 3 वर्षं मुदत आहे. लैंगिक छळाची तक्रार असेल तर मात्र 3 महिन्यांतच कंपनीच्या अंतर्गत समितीकडे द्यायची, दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तिथे फुल अँड फायनल होऊ दे मग बघू असं करू नका.