विषय सुचत नाही? मग विळी काढा

आमच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण उघडला की माझी दहा वर्षांची हौस अंगावर कोसळते. क्रोशाची शाल, म्हणजे ठरवली होती शाल, झाली रुमालाएवढी. मंडलाची वही, पहिली तीन पानं भरलेली. रेझिनच्या दोन बाटल्या, त्यातली एक कायमची घट्ट झालेली. मधुबनीचं किट, अर्धा रंगवलेला मासा. प्रत्येक छंद एका रविवारी वाजतगाजत सुरू झाला आणि तिसऱ्या रविवारी गपगुमान खणात गेला.

टिकलं ते फक्त चित्र काढणं. आठ वर्षं झाली, तेविसावी वही चालू आहे. त्यामुळे लोक विचारतात, ‘तुला सुचतं कसं गं?’ आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरंच कोणीतरी सांगून टाकतं, ‘निसर्गात जायचं, मन मोकळं सोडायचं, आपोआप येतं.’ मी गेले होते निसर्गात. मन चांगलं ऐसपैस मोकळं सोडलं होतं. काही आलं नाही. म्हणून जे खरंच उपयोगी पडलं ते लिहिते.

छंद निवडताना

तीन रविवार आणि दोनशे रुपये. त्यापलीकडे वेळ आणि पैसा घालायचा नाही. किट विकत घ्यायचं नाही. किटमध्ये दुसऱ्याने आधीच ठरवलेलं चित्र असतं, तुम्ही फक्त मजुरी करता. पहिल्या महिन्यात क्लासही लावू नका. आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, ‘आता ते घेऊन बसावं’ असं हाताला वाटलं तर तो छंद तुमचा. नाही वाटलं तर सामान शेजारच्या मुलांना देऊन मोकळं व्हा. कपाटात ठेवू नका, ते तिथून टोचत राहतं.

इथून पुढे चित्रकलेबद्दल लिहिते आहे, पण तुम्ही भरतकाम करत असाल किंवा मातीकाम, मधला भाग तुम्हालाही लागू पडेल.

सामान

४बी पेन्सिल, साधं बॉलपेन, बिनरेघांची ए-५ वही, कागद १२० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन; आकडा जितका मोठा तितका कागद जाड). संपलं. खोडरबर नको. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेलात तर त्या खरबरीत, झालरीसारख्या कडांच्या कागदांवर जीव जडेल, मलाही जडतो. पण पहिल्या वहीसाठी ते घेऊ नका. महागड्या कागदावर हात बिचकतो. वही इतकी साधी हवी की एक पान वाया गेलं तर हळहळ वाटू नये.

काय काढायचं

इथे सगळे अडकतात. मीही अडकले होते, चांगली सात-आठ महिने.

नवी वही, नव्या पेन्सिली, पाण्याची बाटली आणि डब्यात पोळीभाजी घेऊन मी मेणवलीला गेले होते. वाईजवळचं मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट, घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली ती पोर्तुगीज घंटा. चित्र काढायला याहून बरी जागा कुठली? घाटाच्या पायऱ्यांवर दोन तास बसले. वाडा काढायला घेतला, भिंत वाकडी आली. घंटा काढली, ती उलट्या बादलीसारखी दिसायला लागली. शेवटी पोळीभाजी खाल्ली आणि परत आले. एसटीत खिडकीशी बसून स्वतःला म्हटलं, आपल्यात ते नाहीच.

चूक काय झाली ते कळायला पुढे बराच वेळ गेला. मी वाडा बघतच नव्हते, ‘वाडा’ हा शब्द काढत होते. आपण सगळे लहानपणापासून हेच करतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत मुलांना सांगा, निसर्गचित्र काढा. दोन तिकोनी डोंगर, मधून अर्धा सूर्य, नागमोडी नदी, झोपडी, आणि वर चारच्या आकड्यासारखे पक्षी. वर्ध्याचं पोर असो की वेंगुर्ल्याचं, डोंगर तेच. खिडकीतून कोणी बाहेर बघितलेलंच नसतं. मी तर चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या. स्मरणचित्रात ‘बाजाराचे दृश्य’ आलं की टोपलीवाली बाई डोळे मिटून काढायचे. ती बाई मी कुठल्याच बाजारात कधी पाहिली नव्हती.

म्हणून माझं ठाम मत आहे की ‘विषय सुचत नाही’ ही तक्रार विषयाची नसतेच. सुचत नाही, कारण दिसत नाही. आणि दिसायला लागावं म्हणून प्रसिद्ध, सुंदर, फोटोजेनिक जागी जाणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे, कारण त्या जागेचं चित्र डोक्यात आधीच छापून तयार असतं.

मी शेवटी वैतागून घरातली विळी काढली. आईची जुनी विळी, पाटाची, टोकाला खवणी असलेली. आणि तीच तीस दिवस काढली. तुम्ही विळीच घ्या असं नाही. किसणी, अडकित्ता, कंदील, सायकलचं पॅडल, काहीही चालेल. अट एवढीच की वस्तू वापरातली हवी, शोभेची नको. गणपतीची मूर्ती तर अजिबात नको, तिथे भक्ती आडवी येते.

पहिल्या तीन दिवशी कागदाकडे न बघता काढा. नजर वस्तूच्या कडेवर, मुंगी चालावी तशी सरकत जाणारी. पेन्सिल कागदावर तितक्याच वेगाने. पाच मिनिटं. खाली बघायचं नाही म्हणजे नाही. जे होईल ते भयानक दिसेल. माझ्या दुसऱ्या दिवशीच्या चित्राकडे बघून एक मावशी म्हणाल्या, ‘छान आहे हो, मोर का?’ त्या दिवसापासून नियम केला: तीस दिवस वही कोणाला दाखवायची नाही. हा नियम मोडू नका. शिव्या परवडतात, कौतुक परवडत नाही; कौतुक झालं की दुसऱ्या दिवशी हात तेच परत करायला बघतो.

चौथ्या दिवसापासून वस्तू सोडून द्या आणि पोकळी काढा. विळीचं पातं वर जाऊन पुढे वळतं. त्या पात्याच्या आणि पाटाच्या मध्ये जी हवा आहे तिचा आकार काढायचा. त्या हवेला नाव नाही, त्यामुळे डोक्यातलं तयार चित्र मध्ये लुडबुड करत नाही. पोकळी बरोबर आली की विळी आपोआप बरोबर येते. मला पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने हसले होते.

गोल तोंडाची वस्तू घेतली असेल, तांब्या किंवा पातेलं, तर एक सापळा आत्ताच सांगते. तोंडाचा लंबगोल काढताना दोन्ही टोकं बदामासारखी टोकदार करू नका, तिथेही वळण असतं. आणि बूड सरळ रेघेने बंद करू नका. तांब्या नजरेच्या खाली ठेवलेला असेल तर बुडाचं वळण तोंडापेक्षा जास्त फुगीर दिसतं, कारण ते नजरेच्या आणखी खाली आहे. पाटावर बसलेला तांब्या आणि हवेत तरंगणारा तांब्या यात फरक आहे तो एवढाच.

मग एकेक दिवस नुसती सावली, वरून, जमिनीला गाल लावून खालून, डाव्या हाताने. एक दिवस वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवून आठवणीने काढायची आणि नंतर शेजारी ठेवून काय विसरलो ते लाल पेनाने लिहायचं.

आता खरी धोक्याची जागा. दहाव्या-अकराव्या दिवशी भयंकर कंटाळा येतो. ‘झाली की विळी, आता दुसरं काहीतरी घेऊ’ असं वाटतं, आणि ते अगदी शहाणपणाचं वाटतं. तिथे वस्तू बदललीत तर आधीची दहाही पानं फुकट गेली. मी आधी दोनदा बदलली होती, एकदा किटली घेऊन आणि एकदा खलबत्ता घेऊन, म्हणून सांगते. कंटाळा आला याचा अर्थ डोक्यात आधीच भरलेलं सगळं काढून झालं. भांडं आता कुठे रिकामं झालंय.

तेराव्या दिवशी मला विळीच्या पाटावर एक खळगा दिसला. पातं बसवलंय त्याच्या मागे, डाव्या बाजूला, बशीसारखा उथळ. लाकूड तिथे गुळगुळीत, जवळजवळ काळं. तीस वर्षं आईचं पाऊल तिथे टेकलं होतं. बारा दिवस मी ती विळी काढत होते, त्याआधी जन्मभर बघत होते, आणि खळगा दिसला नव्हता. त्या दिवशी दुसरं काही काढलं नाही, खळगाच काढला, पेन्सिल आडवी धरून.

त्यानंतर विषय शोधावा लागला नाही. झिजलेल्या जागा दिसायलाच लागल्या. देवळाच्या उंबरठ्याचा मधला भाग. एसटीच्या दाराचा दांडा, जिथला रंग उडून पत्रा चकाकतो. शिंप्याच्या कात्रीची मूठ. दोन वह्या त्यातच भरल्या. पुढे परत मेणवलीला गेले तेव्हा वाड्याकडे पाठ करून बसले आणि घाटावरचा कपडे धुण्याचा एक दगड काढला.

तुम्हाला झीजच दिसेल असं नाही. कोणाला गाठी दिसतील, कोणाला जोड, कोणाला डाग. पण ते तेराव्या दिवशी दिसतं, तिसऱ्या नाही.

या तीस दिवसांत फोनवर इतरांची चित्रं बघू नका. फोटोवरूनही काढू नका. फोटोत जवळ-दूरची खोली कोणीतरी आधीच चेपून सपाट केलेली असते, आणि तेच चेपणं तर तुम्हाला शिकायचंय.

दुसऱ्यांची चित्रं कधी बघायची

महिना झाल्यावर, आणि प्रत्यक्ष. सातारा-सांगलीकडे असाल तर औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं. रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं शिल्प आहे, आणि मुंबईच्या गॅलऱ्यांसारखी गर्दी नाही. सगळं बघायच्या भानगडीत पडू नका. एक चित्र निवडा. वहीत काडेपेटीएवढा चौकोन आखा आणि त्यात फक्त अंधार कुठे आणि उजेड कुठे एवढंच भरा. चेहरे, दागिने, नऊवारीचे काठ काही नको. असे तीन चौकोन भरून चहाला जा.

बाहेर बसताना

सकाळी साडेनऊच्या आत किंवा साडेचारनंतर. दुपारच्या उन्हात सावल्या पायाखाली जातात आणि सगळं भाकरीसारखं सपाट दिसतं. पाठ भिंतीला लावून बसा, म्हणजे मागे प्रेक्षक जमत नाहीत. पुढून येतीलच. ‘काय सर्वे आहे का?’ हा प्रश्न मला वाई, कराड, फलटण, तिन्ही ठिकाणी विचारला गेलाय. खरं सांगा, चित्र काढतेय म्हणून. दोन मिनिटांत रस संपतो. ‘आमचं पण काढा’ म्हणणाऱ्याला मात्र नाही म्हणायला शिका. एकाचं काढलंत की रांग लागते, आणि नाक कोणालाच पसंत पडत नाही.

समोरचं सगळं अंगावर येत असेल तर जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला वहीच्या प्रमाणात खिडकी पाडा आणि त्यातून बघा. चौकटीत येईल तेवढंच तुमचं.

रंग

दुसरी वही संपेपर्यंत नाही. नंतरही आधी जलरंगाच्या दोनच ट्यूब: अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे विटकरी तपकिरी. दोघांत मिळून पावसाळी आभाळापासून कौलांपर्यंतचे सगळे राखाडी-तपकिरी निघतात. कागद मात्र आता ३०० जीएसएमचा घ्या, पातळ कागद पाण्याने पापडासारखा फुगतो.

वही संपल्यावर

पानांवर तारखा टाकलेल्या असू द्या, सही नको. बिघडलेलं पान फाडू नका. माझा मोर अजून पहिल्या वहीत आहे. वही कपाटावर टाका, खालच्या खणात नको. दुसरी त्याच दुकानातून, तेवढ्याच पानांची आणा, फक्त आकार एक नंबर मोठा. आणि तिच्या पहिल्या पानावर पुन्हा तीच वस्तू काढा.