आंबियाचा हिशोब एक्सेलात घ्यायच्या आधी

आंबिया बहाराची (म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या झाडांची) संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरायला लागली की मग शीट नीट करत बसायला कोणाकडेच वेळ नसते, म्हणून ऑक्टोबर लागायच्या आधीच कोरी फाइल तयार करून ठेवा, अन् रंग-बॉर्डर नंतर, पहिले आकडे बरोबर बसतील असं करा.

आधी कॉम्प्युटरची रीजन सेटिंग पाहा, इंग्लिश इंडिया पाहिजे. युनायटेड स्टेट्स असली तं ५/११ टाकलं की ते ११ मे होऊन बसते, २५/११ तारीख म्हणून घेतच नाही, टेक्स्ट बनून डावीकडे चिकटून राहते, अन् कॉमापण लाखाच्या जागी पडत नाही.

मग शेतकऱ्यांच्या बँक खाते नंबरचा कॉलम, अन् हे खरंच मनावर घ्या. एकही नंबर टाकायच्या आधी अख्खा कॉलम सिलेक्ट करून कंट्रोल अन् १ दाबा, नंबर टॅबमध्ये टेक्स्ट निवडा. एक्सेल आकड्याचे १५ च अंक धरून ठेवते, १६ अंकी खाते नंबर टाकला की शेवटचा अंक शून्य होऊन जाते आणि मागून फॉरमॅट बदलला तरी तो काही परत येत नाही. काटोल-नरखेडच्या शेतकऱ्यानं वर्षभर बाग जगवली, त्याचे पैसे एका अंकापायी अडकायला नको. सुरुवातीचं शून्य उडते तेही यानंच थांबते.

वजनात "२ टन" लिहू नका, नुसतं २ लिहा, टन हेडिंगमध्ये, नाहीतर बेरीजच होत नाही. हेडिंगला मर्ज अँड सेंटर नको, सॉर्ट करताना अडते, अलाइनमेंटमधलं सेंटर अक्रॉस सिलेक्शन घ्या, दिसायला सेम. वरची ओळ फ्रीझ करा.

आता रंग. ज्याचं देणं बाकी आहे त्याची ओळ हातानं पिवळी करायची सवय सगळ्यांनाच आहे, पण पैसे चुकते झाले तरी ती पिवळीच राहते ना भाऊ, अन् मग खरी बाकी कोणाची ते कळतच नाही. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये बाकी शून्याच्या वर असेल तर पिवळा असा नियम लावून द्या, रक्कम भरली की रंग आपोआप जाते.

प्रिंटसाठी प्रिंट टायटल्समध्ये हेडिंगची ओळ द्या म्हणजे दर पानावर येते, सगळे कॉलम एका पानात बसवा, अन् प्रीव्ह्यूत कुठं ##### दिसलं तर तो कॉलम रुंद करा, आकडा तिथंच आहे, फक्त मावत नाहीये.