चार्जिंगला लावलेला फोन ‘चावतो’? आधी या चुका टाळा

पावसाळा लागला की आईचा हमखास फोन येतो, “अरे, मोबाइल परत चावायला लागलाय.” हे ती त्याच मोबाइलवरून सांगते आणि तो त्या वेळी चार्जिंगलाच असतो. एकदा गावी गेल्यावर मी नीट पाहिलं. धातूच्या कडेचा फोन, एसटी स्टँडबाहेरून घेतलेला चार्जर, आई लोखंडी कॉटवर आणि अनवाणी पाय नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. कडेवरून हलकं बोट फिरवलं की बारीक मुंग्या. स्लिपर घालून तोच फोन धरला तर काही नाही. शेजारच्या काकांचं निदान तयार होतं: फोन गेलाय, नवा घ्या.

फोन सहसा निर्दोष असतो. चार्जिंगच्या वायरीतून त्याच्यापर्यंत साधे ५ व्होल्ट येतात. फास्ट चार्जिंग असेल तर ९, १२, कधी २०. एवढ्याने कोरड्या हाताला काही होत नाही. जीव घेतात ते भिंतीतले २३० व्होल्ट. या दोघांच्या मध्ये उभी असते ती चार्जरची काड्यापेटीएवढी डबी. तिच्या आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेची दोन वेटोळी असतात, एक भिंतीकडचं, दुसरं फोनकडचं. दोन्ही एकमेकांना शिवत नाहीत, ऊर्जा जाते ती चुंबकीय क्षेत्रातून. ही न शिवण्याची व्यवस्था शाबूत असेल तर चार्जिंग चालू असताना फोनवर बोललं म्हणून कोणाला शॉक बसत नाही. ती मोडली की फोनची धातूची कड आणि भिंतीतली उघडी वायर यांत फरक उरत नाही. म्हणून खालच्या बहुतेक चुका दोनच जातीच्या आहेत. एकतर आपण ही डबी निकृष्ट घेतो, नाहीतर विजेला आपल्या अंगातून जमिनीकडे जायला वाट करून देतो.

मुंग्या आणि झटका एकच समजणं

चांगल्या चार्जरमध्येही या दोन बाजूंच्या मध्ये एक इवलासा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा भाग) मुद्दाम जोडलेला असतो. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. चार्जर आतून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो, त्याचा विद्युत गोंगाट शमवणं हे या कपॅसिटरचं काम. त्यातून थोडा प्रवाह फोनच्या बाजूला झिरपतो, साधारण ०.१ ते ०.२ मिलिअँपिअर (मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग). दोन पिनांच्या चार्जरला अर्थची, म्हणजे जमिनीकडे नेणारी, तार नसते, त्यामुळे तो जायचा तर तुमच्या बोटातून जातो. आईचा मोबाइल चावायचा तो बहुतांशी असा.

धरलेल्या हाताला प्रवाह जाणवू लागतो तो साधारण ०.५ मिलिअँपिअरला, हलकं बोट घासलं तर त्याहून कमीही कळतो. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि हातातली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे, प्रवाह थोडा वेळ जरी टिकला, तरी हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे मुंग्या आणि मृत्यू यांच्यात शंभरपटीहून जास्त अंतर आहे, पण चार्जर सडका असेल तर हे अंतर एका क्षणात संपतं.

ओळखायचं कसं? फक्त हलक्या स्पर्शाला जाणवतात आणि घट्ट धरल्यावर नाहीशा होतात, त्या बहुधा झिरपणाऱ्या प्रवाहाच्या मुंग्या. हात झटकन मागे ओढला गेला, कोपरापर्यंत कळ गेली, तर तो झटका. झटका बसला असेल तर ‘परत एकदा बघू’ म्हणून फोनला हात लावू नका. भिंतीवरचं बटण बंद करा, शक्य असेल तर घराचा मेन स्विचही पाडा, मगच चार्जर काढा. तो चार्जर पुन्हा वापरायचा नाही, मुलांना खेळायलाही द्यायचा नाही.

नुसत्या मुंग्या असतील तर अदलाबदल करून शोधता येतं. तोच फोन दुसऱ्या चांगल्या चार्जरवर लावून बघा. मग पॉवर बँकवर लावा. पॉवर बँक भिंतीला जोडलेली नसल्याने तिथे मुंग्या यायलाच नकोत. आईकडे चार्जर बदलल्यावर मुंग्या खूप कमी झाल्या, पण ओल्या फरशीवर अनवाणी बसलं की अजून थोड्या येतातच. आता फोन चार्जिंगला टेबलावर असतो आणि बोलायचं झालं तर ती पिन काढून घेते. नेहमी नाही, पण बऱ्याचदा.

इथे टेस्टर लावून बघणाऱ्यांसाठी एक सूचना. फोनच्या कडेला टेस्टर लावला आणि आतला दिवा मिणमिणला, की घरात हाहाकार होतो. त्या निऑन दिव्याला पेटायला अत्यल्प प्रवाह पुरतो, वाय कपॅसिटरमधून झिरपणाराही. तेव्हा दिवा लागला म्हणजे चार्जर जीवघेणा असं नाही, आणि दिवा लागला नाही म्हणजे चार्जर सुरक्षित असंही नाही.

शंभर रुपयांचा चार्जर

आता बऱ्याच फोनच्या खोक्यात चार्जर येतच नाही. हजारोंचा फोन घेऊन झाल्यावर चार्जरवर पैसे घालायचं जिवावर येतं आणि आपण फूटपाथवरचा उचलतो. स्वस्त चार्जर उघडून पाहिला की कळतं पैसे कुठे वाचवलेत. भिंतीकडची आणि फोनकडची बाजू यांच्यात सर्किट बोर्डवर काही मिलिमीटरची मोकळी जागा सोडावी लागते, ती जेमतेम केसभर असते. दोन वेटोळ्यांमध्ये हवी ती इन्सुलेशनची टेप नसते किंवा एकच पातळ पदर असतो. वाय कपॅसिटर खास बनावटीचा लागतो, बिघडला तरी शॉर्ट न होणारा. त्याजागी साधा कुठलातरी लावलेला असतो. फोन तेवढ्याच वेगात चार्ज होतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. ओल, उष्णता, विजेचा चढउतार यांतलं काहीतरी आलं की कळतो.

भारतात फोनच्या चार्जरला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी सक्तीची आहे. डबीवर ‘आयएस’ने सुरू होणारा मानक क्रमांक आणि इंग्रजी आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपवर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. डबीवरचा ब्रँड किंवा उत्पादक यांपैकी काहीच अ‍ॅपमधल्या नोंदीशी जुळलं नाही, तर तो चार्जर परत करा. शिवाय चौकोनात चौकोन असं एक चिन्ह असतं, ते दुहेरी इन्सुलेशनचं. अर्थात चिन्ह छापायला पैसे पडत नाहीत, म्हणून क्रमांक तपासलेला बरा.

लोक घाबरतात मात्र वायरीला. वायरचं आवरण फाटलं की चिकटपट्टी गुंडाळतात आणि चार्जर तसाच वापरतात. फाटकी वायर बदलायलाच हवी, शॉर्ट होऊन तापते. पण चार्जर चांगला असेल तर तिच्यात ५ ते २० व्होल्टच असतात. डबीला तडा गेलाय, ती हलवली की आत खुळखुळतं, पिना हलतात, जळका वास येतो, हे खरे धोक्याचे.

बोर्डातल्या करामती

तीन छिद्रांच्या सॉकेटला आत झडपा असतात, त्या वरच्या लांब अर्थ पिनेने उघडतात. चार्जरला दोनच पिना. मग वरच्या छिद्रात पेनाचं टोपण किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसायचा आणि खालून चार्जर घुसवायचा, हा प्रकार मी शिकल्यासवरल्या घरांतही पाहिला आहे. वायरिंग उलटसुलट झालेलं असेल, तर त्या छिद्रातही फेज, म्हणजे वीज आणणारी तार, असू शकतो. दोन पिनांचं सॉकेट असलेला आयएसआय शिक्क्याचा बोर्ड लावून घ्या, विषय संपला. पिन सैल बसते म्हणून काडी खोचणं, हा त्याचाच धाकटा भाऊ.

सैल चार्जरचा आणखी एक धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पिन अर्धवट बाहेर आलेली असली, की दोन्ही पितळी पात्या उघड्या पडतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकशास्त्राच्या एका नियतकालिकात एका तरुणीची हकिगत आली होती. चार्जर उशाशी, गळ्यातली साखळी अर्धवट बाहेर आलेल्या पिनांवर पडली आणि मानेभोवती भाजल्याचा वळ उठला. आपल्याकडे मंगळसूत्र, चेन, करदोटा घालूनच झोपतात. एक्स्टेन्शन बोर्ड गादीवर घेऊन झोपू नका एवढं तरी नक्की करा. उशीखाली फोन ठेवला तर तो तापतो, ते वेगळंच.

“अर्थिंग करून घ्या, फोनचा शॉक जाईल,” असा सल्ला वायरमनही देतात. अर्थिंग हवंच, पण दोन पिनांचा चार्जर अर्थला शिवतच नाही, तेव्हा या त्रासावर तो थेट इलाज नव्हे. फोन कॉम्प्युटरला लावून चार्ज करत असाल तर गोष्ट वेगळी. अर्थ नसलेल्या बोर्डावर कॉम्प्युटर लावला की आतल्या फिल्टरमुळे त्याच्या पत्र्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह थोडाच, पण वायरीतून तो फोनपर्यंत पोहोचतो आणि चांगला चावतो. तिथे मात्र अर्थिंग दुरुस्त केलं की त्रास जातो.

पाणी, घाम, इअरफोन

कोरड्या त्वचेचा विरोध हजारो ओहम असतो, कधी लाखाच्या घरात. भिजलेल्या अंगाचा साधारण १,००० ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्ट भागिले १,००० ओहम केलं की ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. चार्जर फुटला तर हाच आकडा अंगातून जाणार. म्हणून न्हाणीघरात एक्स्टेन्शन ओढून गाणी लावणं, ओल्या केसांनी चार्जिंगवरचा फोन कानाला लावणं, भांडी घासता घासता ओल्या हाताने फोन उचलणं, या तीन गोष्टी बाकी सगळ्या चुकांहून वाईट. पावसात भिजून आलेला फोनही लगेच चार्जिंगला लावू नका. पोर्टमध्ये ओल असल्याचा इशारा दिसला तर तो गप्प बसवायचं बटण शोधू नका.

वायरचे इअरफोन कानात आणि फोन चार्जिंगला, हे टाळाच. कानाच्या आतली त्वचा पातळ आणि दमट, आणि झटका डोक्यातून जातो. ब्लूटूथवाल्यांना ही अडचण नाही.

वीज कडकडत असताना भिंतीला जोडलेला फोन हातात नको. नुसता मोबाइल वीज ओढून घेत नाही, ती अफवा आहे. तारांवर पडलेली वीज मात्र वायरिंगमधून चार्जरपर्यंत येऊ शकते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास वीज पडायची शक्यता आधी सांगतं. इशारा आला की चार्जर काढून ठेवा.

“आमच्याकडे एमसीबी आहे ना!”

ही चूकही फार महागाची. एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, वायरिंगला वाचवतो. ६ किंवा १६ अँपिअर ओलांडले की तो पडतो. माणूस मरायला त्याच्या शेकडो पटीने कमी प्रवाह पुरतो, तेव्हा तुम्ही चिकटून बसलात तरी एमसीबी ढिम्म हलत नाही. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, मेन बोर्डावरचाच दुसरा स्विच. जाणारा आणि परत येणारा प्रवाह तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुणाच्या तरी अंगातून वीज जमिनीत चालली, की क्षणार्धात सगळं बंद करतो. एकच मर्यादा: एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल (परतीची तार) धरलात तर त्याला फरक दिसत नाही.

मेन बोर्डावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण दिसलं तर तुमच्याकडे आरसीसीबी आहे. महिन्यातून एकदा ते दाबा; वीज गेली पाहिजे. गेली नाही तर तो निकामी आहे. आणि तो सारखा पडतो म्हणून वायरमनकडून बायपास करून घेतला असेल, तर आजच त्याला परत बोलवा. तो पडत होता कारण कुठेतरी वीज गळत होती, बहुधा गीझर, पाण्याची मोटर किंवा ओल आलेली भिंत.

कोणी चिकटलंच तर

धावत जाऊन ओढू नका, तुम्हीही चिकटाल. आधी मेन स्विच. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने वायर दूर सारा, पायाखाली कोरडी सतरंजी किंवा रबरी चप्पल असू द्या. १०८ किंवा ११२ लावा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब द्या, मिनिटाला १०० ते १२०, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल असे, मदत येईपर्यंत. माणूस उठून बसला आणि “काही नाही झालं, चहा टाका” म्हणाला, तरी चहाआधी त्याला दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या.