एमएस्सी प्रोजेक्टला जीआरबी स्पेक्ट्रा घेताय? माझा नाशिकातला अनुभव

प्रोजेक्टला गॅमा रे बर्स्ट (जीआरबी), म्हणजे दूरच्या आकाशगंगेतून येणारा गॅमा किरणांचा क्षणिक झोत, घेतला म्हटल्यावर घरच्यांना वाटलं आता दुर्बीण लागणार, पुण्याला राहावं लागणार, पण सगळं काम सिडकोतल्या घरात जुन्या लॅपटॉपवर झालं. २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी उपग्रहावरच्या जीबीएम या बर्स्ट टिपणाऱ्या उपकरणाचा डेटा नासाच्या साइटवरून फुकट उतरतो, फक्त लाईट जायच्या आत डाऊनलोड झाला पाहिजे 😄

माझी पहिली चूक म्हणजे अख्ख्या बर्स्टचा एकच स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले त्याचा आलेख, काढला. त्यावर बँड फंक्शन, म्हणजे बर्स्टसाठी नेहमी वापरतात ते दोन उतारांचं सूत्र, छान बसलं, ई-पीक, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ऊर्जा बाहेर पडते ती जागा, काहीशे केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) आली, मी खूश. पण नाशिकच्या डिसेंबरचं सरासरी तापमान सांगून काय कळतं हो, पहाटे कानटोपी आणि दुपारी पंखा! बर्स्टचंही तसंच, बऱ्याचदा ई-पीक सुरुवातीला वर असते आणि मग घसरत जाते, तर काहींमध्ये ती तेजाबरोबर वरखाली होते. त्यातही गोम आहे, दोन पल्स (तेजाचे उसळे) एकमेकांवर चढले तर नुसती घसरणसुद्धा वरखाली वाटू शकते.

मग एकेक सेकंदाचे तुकडे पाडले आणि शेवटच्या तुकड्यात ई-पीक एकदम तीन हजारावर गेली. मला वाटलं शोध लागला!! एरर बार (आकड्यातली अनिश्चितता) बघितला तर तो आकड्याहून मोठा. तिथे फोटॉनच इतके कमी होते की बीटा, म्हणजे बँडचा वरच्या ऊर्जेकडचा उतार, कशालाच धरून नव्हता. अशा तुकड्यांना बँडचा हट्ट सोडा, कटऑफ पॉवर लॉ हे बीटा नसलेलं साधं सूत्र वापरा, आणि तुकडे घड्याळाने नाही तर बेशियन ब्लॉक्सने पाडा, म्हणजे तेज जिथे खरंच बदलतं तिथे काप पडतो, आणि तरी ब्लॉकमध्ये सिग्नल पुरेसा आहे का ते बघाच.

जीबीएमचे बाराही सोडियम आयोडाइड डिटेक्टर घेत बसू नका, बर्स्टकडे तोंड असलेले दोन-तीन बास, साठ अंशांच्या आतले, सोबत एक बीजीओ (जास्त ऊर्जेसाठीचा डिटेक्टर). बॅकग्राउंड, म्हणजे बर्स्ट नसतानाही येत राहणारे फोटॉन, बर्स्टच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही बाजूंनी घ्या, मी बर्स्टची शेपटीच बॅकग्राउंडमध्ये धरली होती आणि आठवडा गेला.

सुरुवातीला एकाच ठळक पल्सचा बर्स्ट निवडा. नाव ऐकून २२१००९ए घेऊ नका, २०२२ चा तो बर्स्ट इतका प्रखर होता की जीबीएमचे डिटेक्टरच गुदमरले.