फंगहुआंगला जाताय? एक रात्र मुक्काम कराच

चीनच्या हूनान प्रांतातलं फंगहुआंग हे नदीकाठचं जुनं गाव दिवसाउजेडी धावतपळत उरकू नका. दुपारी त्वोच्यांग नदीकाठी गर्दीतून वाट काढावी लागते. पहाटे लाकडी खांबांवर तोललेली घरं निवांत बघता येतात. नदीतल्या दगडी ठोकळ्यांवरून पलीकडे जायचं तेही तेव्हाच. समोरून कुणी आलं की अंग चोरून उभं राहावं लागतं, आणि दगड ओले असतात, म्हणून रबरी तळव्याचेच बूट घाला. गल्लीत आल्याच्या पाकाचे सोनेरी दोर आकड्याला अडकवून ओढत असतात, तो खाऊ नक्की चाखा. त्याच प्रांतातल्या चांगच्याच्ये शहराहून इथे यायला वेगवान रेल्वे आहे. फंगहुआंग गूछंग स्थानकाचं तिकीट काढा. खोली घेताना पासपोर्ट लागतो, तो हाताशी ठेवा.