रोड बाइकसाठी तयार चाकजोडी कशी निवडावी

कारखान्यातून बांधून येणाऱ्या चाकजोडीत रिम, हब (चाकाचा मधला भाग) आणि स्पोक एकमेकांसाठीच घडवलेले असतात. तिचं बळ त्यात आहे आणि अडचणही त्यातच. सुटे भाग जुळवून हातानं बांधलेल्या चाकाला साधारणपणे कुणाचाही योग्य लांबीचा स्पोक चालतो. तयार चाकाला बऱ्याचदा त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा लागतो. म्हणून ग्रॅमचा हिशेब जरा मागे ठेवा. ही चाकं आपल्या सायकलला बसतील का, आणि चार वर्षांनी एखादा स्पोक तुटला तर तो मिळेल का, हे दोन प्रश्न आधी सोडवा.

१. आधी सायकल नीट बघा

रिम ब्रेकच्या रोड बाइकला क्विक रिलीजचं, म्हणजे लिव्हर फिरवून सुटणारं चाक लागतं: पुढचा हब १०० मिमी, मागचा १३० मिमी. आजच्या डिस्क ब्रेकच्या सायकलींवर १२ मिमीचा, हबमधून आरपार जाणारा थ्रू अ‍ॅक्सल असतो. पुढे १०० आणि मागे १४२ मिमी. सुरुवातीच्या काही डिस्क रोड बाइक मात्र क्विक रिलीज आणि मागे १३५ मिमीच्या होत्या, त्यामुळे ‘डिस्क आहे’ एवढ्यावर चाकं मागवू नका.

सगळ्यात जास्त गफलत फ्रीहबमध्ये होते, म्हणजे मागच्या हबच्या ज्या भागावर कॅसेट (गिअरच्या चक्रांचा संच) बसते तिथे. शिमानोची ११ स्पीड कॅसेट बसणाऱ्या फ्रीहबवर जुनी ८, ९ किंवा १० स्पीडची कॅसेट बसते, पण मागे १.८५ मिमीची चकती घालावी लागते. चकती विसरलात तर कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट खडखडत राहते. शिमानोची १२ स्पीड रोड कॅसेट त्याच ११ स्पीडच्या फ्रीहबवर बसते. उलटं गृहीत धरू नका. शिमानोच्याच १२ स्पीडच्या पिढीतल्या ड्युरा-एस सी३६, सी५० वगैरे चाकांचा मूळ फ्रीहब फक्त १२ स्पीडच घेतो. १० दात्यांपासून सुरू होणाऱ्या स्रॅमच्या कॅसेटला एक्सडीआर फ्रीहब लागतो. कॅम्पॅग्नोलोचे खाचे तर वेगळेच.

डिस्क दोन पद्धतींनी बसते: सेंटर लॉक (मधोमध एकाच रिंगनं आवळलेली) किंवा सहा बोल्टची. सेंटर लॉक हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टची डिस्क चढवता येते, उलटं जमत नाही. दोन्ही पर्याय समोर असतील तर सेंटर लॉक घ्या.

२. रिमची रुंदी टायरवरून ठरवा

रिमची आतली रुंदी बघा, बाहेरची नव्हे. २५ मिमीच्या टायरला १७ ते १९, २८च्या टायरला १९ ते २१ आणि ३० ते ३२ मिमीला २१ ते २५ मिमी आतली रुंदी छान जमते. रिम रुंद झाली की टायरही फुगून रुंद होतो. ‘२८’ छापलेला टायर रुंद रिमवर ३० मिमीसुद्धा भरू शकतो. फ्रेम, फोर्क आणि ब्रेकपासून फुगलेल्या टायरला सगळीकडून निदान ४ मिमी मोकळी जागा उरली पाहिजे. जागा कमी असेल तर एखादा बारीक खडा टायरला चिकटून वर येतो आणि फ्रेमचा रंग खरवडत जातो.

हुकलेस रिम घेताना पूर्ण सावध राहा. टायरची कड धरून ठेवणारा आतला ओठ या रिमला नसतो, म्हणून हवेचा दाब ५ बारच्या, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर कधीच न्यायचा नाही. टायरही हुकलेससाठी मान्य असलेलाच हवा, आणि तो त्या रिमच्या आतल्या रुंदीला चालतो का हे दोन्ही कंपन्यांच्या तक्त्यात बघायचं. वजनदार स्वाराला अरुंद टायरमध्ये याहून जास्त दाब लागतो. अशांनी हुक असलेली रिम घ्यावी हे बरं.

३. स्पोक: इथे वेळ घालवा

मागच्या चाकात कॅसेटच्या बाजूचे स्पोक जवळपास उभे असतात आणि खूप ताणलेले. डाव्या बाजूचे तिरपे आणि तुलनेनं सैल. चाक फिरताना जमिनीकडच्या स्पोकचा ताण प्रत्येक फेरीत उतरतो. जो आधीच सैल आहे तो त्या क्षणी पार ढिला पडतो, निपल (स्पोक रिमला धरून ठेवणारा छोटा नट) हळूहळू सुटतो, चाक आऊट होतं, म्हणजे फिरताना डुलतं, आणि पुढे स्पोक हबजवळच्या वळणावर तुटतो. कॅम्पॅग्नोलोची जी३ मांडणी आणि फुलक्रमची दोनास एक मांडणी यावरचाच उपाय आहे. उजवीकडे १४ आणि डावीकडे ७ स्पोक ठेवले की डावीकडच्या प्रत्येक स्पोकवर ताण वाढतो. कॅम्पॅग्नोलोची झोंडा आणि फुलक्रमची रेसिंग ३ या रिम ब्रेकच्या जोड्या इतकी वर्षं स्वारांच्या आवडीच्या राहिल्या, त्यात या मांडणीचा वाटा मोठा आहे.

झोंडाची रिम आणखी एका कारणासाठी बघण्यासारखी. तिच्या वरच्या भिंतीला स्पोकची भोकंच नाहीत, त्यामुळे रिम टेप लागत नाही. मग निपल आत जातो कसा? त्याला पोलादी तुकडा जोडून व्हॉल्व्हच्या भोकातून आत सोडतात आणि बाहेरून चुंबकानं ओढत ओढत त्याच्या भोकापर्यंत आणतात. करायला सोपं आहे, पण रस्त्याच्या कडेला बसून होणारं काम नाही.

स्पोकची संख्या वजनावर ठरवा. डिस्कच्या चाकाला पुढे-मागे २४-२४ हा चांगला मेळ आहे. डिस्कचा ब्रेक हबला पिळतो, म्हणून डिस्कच्या चाकात स्पोक एकमेकांना छेदून गेलेले हवेत. कंपनी स्वार, सायकल आणि सामान मिळून वजनमर्यादा सांगते. बऱ्याच चाकांना ती ११० ते १२० किलोच्या आसपास असते. मर्यादेच्या जवळ असाल तर जास्त स्पोकची जोडी घ्या, १०० ग्रॅम वाढले तरी.

४. हब आणि बेअरिंग

शिमानो सुट्या छऱ्यांचं कप-कोन बेअरिंग वापरतं. वेळच्या वेळी उघडून ग्रीस भरलं तर ते वर्षानुवर्षं चालतं; ढिलं ठेवून चालवलं तर कप खड्डावतो, आणि मग हबच बाद. ही देखभाल होणार नसेल तर कार्ट्रिज बेअरिंगचा हब घ्या, झिजलं की ठोकून काढून नवं बसवता येतं. फ्रीहब अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर पोलादी कॅसेटचे सुटे दाते त्यात रुततात. थोडे वण पडले तर चिंता नाही, पण कॅसेट ओढूनही निघत नसेल तर ते वण कानशीनं घासावे लागतात.

५. रिमची खोली आणि वजन

रिमच्या कडेचा एक ग्रॅम वेग वाढवताना जवळपास दोन ग्रॅमसारखा वागतो. एकसारख्या वेगानं चढताना तो एकच ग्रॅम असतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले तर २०० ग्रॅमची बचत म्हणजे पाव टक्का. तासाभराच्या चढावर फार तर ९ सेकंद. सपाट रस्त्यावर ४५ ते ५० मिमी खोलीची रिम याहून जास्त देते, पण बाजूच्या वाऱ्यात हँडल खेचते. हलक्या स्वारानं पुढे कमी खोलीची रिम ठेवावी. रिम ब्रेकसाठी कार्बन रिम घेऊ नका असं आम्ही स्पष्ट सांगू: लांब उतारावर ती तापते, पावसात ब्रेक उशिरा लागतो आणि पॅडही खास कार्बनचेच लागतात.

६. चाकं हातात आल्यावर

टायर चढवण्याआधी चाक सायकलला लावून फिरवा. फोर्कला प्लॅस्टिकचा झिप टाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणा; अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त आऊट दिसला तर चाक परत करा. शेजारशेजारचे, एकाच बाजूचे स्पोक बोटानं छेडा. आवाज साधारण सारखा यावा. एखादा बद्द वाजला तर तो सैल आहे.

कॅसेटची लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळा. मग गिअर तपासा, ही पायरी अजिबात वगळू नका. नव्या हबवर कॅसेट जरा बाहेर बसली असेल तर कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या चक्राला डिरेलर (साखळी सरकवून गिअर बदलणारा भाग) थेट स्पोकमध्ये जातो. डिरेलर आत किती जाईल हे ठरवणारा लिमिट स्क्रू जुळवल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे (डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकचे) दोन बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि तसेच आवळा.

पहिल्या फेरीत स्पोकमधून टिक-टिक असा आवाज येऊ शकतो. बांधताना पिळलेला स्पोक सरळ होताना तो येतो. दोनेकशे किलोमीटरनंतर आऊट पुन्हा तपासून घ्या.

आणि चाकं घेतानाच सुटे स्पोक घ्या: पुढचे, मागचे उजवे आणि मागचे डावे, प्रत्येक लांबीचे दोन-दोन, निपलसह. डिस्कच्या पुढच्या चाकात डाव्या-उजव्याची लांबी बहुधा वेगळी असते, तेही बघा. लांबी चिठ्ठीवर लिहून ती स्पोकच्याच जुडीला चिकटवून ठेवा.