नाशकात हिरोशिमा दिनाला मेणबत्त्या लावायच्यात? मग हे आधी बघा

पहिलं जागेचं बघा. मेणबत्त्या म्हटलं की सगळ्यांना गोदाघाटच आठवतो, पण ६ ऑगस्ट म्हणजे भर पावसाळा, गंगापूर धरणातनं पाणी सोडलं की घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात जायला वेळ लागत नाही, त्यामुळे रामकुंड, गांधी तलाव विसरा. सीबीएस बसस्थानकाजवळच्या हुतात्मा स्मारकात विचारा, नाहीतर सरळ सोसायटीचं पार्किंग, वर छप्पर असलं म्हणजे झालं.

परवानगीसाठी त्या हद्दीतल्या पोलीस स्टेशनला दहाबारा दिवस आधी साधा अर्ज द्या. तारीख, वेळ, अंदाजे किती माणसं, जबाबदार दोघांचे नंबर, माईक असेल तर तोही, आणि मोर्चा, घोषणा काही नाही हे स्पष्ट लिहा. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. जागामालकाचं पत्र वेगळं.

हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला सकाळी सव्वाआठला, पण तेव्हा लोक कामाच्या गडबडीत आणि उजेडात ज्योत दिसत नाही, म्हणून संध्याकाळी सातला जमा, साडेसातला पेटवा.

मेणबत्ती बोटभर जाड घ्या, वाढदिवसाची काडी नको. चहाच्या कागदी कपाच्या बुडाला ब्लेडने फुली मारायची, मेणबत्ती खालून वर सरकवायची, मेण कपात पडतं, हात भाजत नाही. ज्योत मात्र कपाच्या काठाच्या बरीच वर पाहिजे नाहीतर कपच पेटतो!! वारा असला तर हट्ट सोडा, खाली पणत्या मांडा. ओढण्या सांभाळा, लहान मुलांना सेलवाल्या द्या, बादलीभर पाणी जवळ ठेवा.

भाषण नकोच. कुणी पुढारी आला तर त्याला मेणबत्ती द्या, माईक देऊ नका. १९४५ संपेपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, त्यात हजारो कोरियनही होते, पण एवढा मोठा आकडा ऐकून कुणाला काही होत नाही हो. त्यापेक्षा सादाको सासाकीबद्दल पाच मिनिटं सांगा, बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि १९५५ मध्ये बाराव्या वर्षी ल्युकेमियाने गेली, दवाखान्यात कागदाचे क्रौंच पक्षी करत बसायची. पोरांकडून तसे पक्षी आधीच करून घ्या. मग दोन मिनिटं शांतता, फोन सायलेंटवर. आजच्या युद्धांचं नाव घ्यायचं असेल तर दोन्हीकडच्या मेलेल्यांचं घ्या, नाहीतर तिथेच वाद पेटतो.

फरशीवरचं मेण गरम असताना पुसू नका, पसरतं. गार झालं की जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, पापुद्र्यासारखं निघतं, आणि ते नदीत नाही, घंटागाडीत.